आमचा कॉन्ट्रा हळू होता

यंदा दिवाळीला दादा पुण्याहून आला, अन् भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चाळिशीची माणसं माझ्या डीटीपीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत कॉम्प्युटरवर कॉन्ट्रा, आमच्या लहानपणीचा गोळीबाराचा व्हिडिओ गेम, खेळत बसलो होतो. दोन मिनिटंबी झाली नसतील, दादा म्हणला, "हे आपलं न्हाई. हे पळायलंय."

मी म्हणलं, वय झालं तुझं, बोटं वळंना गेलीत. त्यानं काही उत्तर दिलं नाही, परत खेळला, परत मेला, अन् परत तेच. "आरं पळायलंय म्हणतोय ना मी. गाणं ऐक की उलसं." गाणं ऐकलं तर मलाही कायतरी खटकायला लागलं, म्हणजे चाल तीच, सूर तोच, पण कुणीतरी घाईत म्हणल्यासारखं, जशी शेवटची एसटी पकडायची म्हणून आरती उरकतात तसं.

आता जरा मागचं सांगतो. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालवायचा उद्योग आमच्या धंद्यात रोजचाच आहे. लग्नपत्रिका अजून पेजमेकरमधे होतात, पेजमेकर ७ आलं २००१ ला, त्यानंतर त्याची नवी आवृत्ती नाही, अन् आमचे मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे पडद्यावर 'शुभविवाह' दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हांची भेळ असते. वीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे त्यात अडकलेत, टाकून कसं चालंल. म्हणून मी नव्या विंडोजच्या पोटात एक खोटी एक्सपी चालवतो, मशीनच्या आत मशीन. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा सीझन सुरू झाला की त्या एक्सपीवरच माझं पोट चालतं. त्यामुळं पुतण्यानं (वय अकरा, मोबाईलवर तरबेज) "काका, तुम्ही लहानपणी काय खेळायचात?" असं विचारलं तेव्हा मी म्हणलं थांब, दाखवतोच.

आमच्याकडं 'व्हिडिओ गेम' आला तो ९६ ला. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो, आण्णांनी तिथल्याच एका दुकानातून घेतला. त्या मशीनचं नाव काय होतं ते विचारू नका, खोक्यावर एक, मशीनवर दुसरं अन् रिमोटवर तिसरं होतं. (रिमोट म्हणजे जॉयस्टिक, अन् जॉयस्टिक म्हणजे खरं तर गेमपॅड, पण आमच्या गल्लीत रिमोटच म्हणायचे.) जपानच्या निन्टेन्डोच्या मशीनची ती नक्कल होती हे मला पार कॉलेजात कळलं. तोवर आम्हाला वाटायचं की टीव्ही गेम ही टीव्हीसारखीच एक वस्तू आहे, ती कुणी शोधून काढली असं काही नसतं.

टीव्ही होता चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची, अन् चॅनेलचं बटन फिरवत बसायचं मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत. कॉन्ट्रामधे पहिल्या खेळाडूची पँट निळी असते अन् दुसऱ्याची लाल, हे मला या दिवाळीत कळलं. खरंच. आमच्या टीव्हीवर दोघंबी राखाडी, त्यामुळं आमची अर्धी भांडणं "मी कुठला?" यावरच व्हायची. धबधब्याच्या लेव्हलला तर हातघाईच, कारण तिथं वर चढायचं असतं, अन् जो पुढं गेला त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, मागं राहिलेला खाली पडद्याबाहेर जाऊन मरतो. दादा कायम पुढं. अन् मी मेल्यावर म्हणायचा, "मेला तो मीच होतो, तू जिवंत आहेस, खेळ की." अन् मी खुळा, मेलेल्या माणसाला रिमोटवरून नाचवत बसायचो.

तर आता त्या पळण्याचं. दादा झोपल्यावर मी खोदत बसलो, अन् निघालं ते असं की दादा बरोबर होता.

अमेरिकेतला अन् जपानमधला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचा, आपला पन्नास वेळा. म्हणजे आपली पाल पद्धत, त्यांची एनटीएससी. निन्टेन्डोच्या गेममधे आतलं घड्याळ असं वेगळं नसतंच, टीव्हीचं एक चित्र काढून झालं की गेम एक पाऊल पुढं जातो, माणूस एक पाऊल, गोळी एक पाऊल, गाणं एक पाऊल. तिकडं सेकंदाला साठ पावलं, आपल्याकडं पन्नास. म्हणजे आमचा कॉन्ट्रा त्यांच्यापेक्षा सहाव्या हिश्श्यानं हळू चालायचा अन् आमचं सगळं बालपण त्या वेगात गेलं, अन् आम्हाला पत्ता नाही.

मारिओचं तर गणितच करून बघितलं. पहिल्या लेव्हलला वर ४०० चा टाइम असतो ना, तो सेकंद नसतो, दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. ४०० गुणिले २४ म्हणजे ९६०० चित्रं. साठनं भागा, १६० सेकंद. पन्नासनं भागा, १९२. बत्तीस सेकंद जास्तीचे! अमेरिकेतल्या पोराला जेवढा वेळ मिळायचा त्याहून अर्धा मिनिट जास्त आम्हाला, अन् तरी आम्ही तिसऱ्या खड्ड्यात पडायचोच, ती गोष्ट वेगळी.

यातली खरी गंमत त्या नक्कल करणाऱ्यांची आहे. युरोपात निन्टेन्डोनं स्वतः जे पन्नासवालं मशीन विकलं त्यात प्रोसेसरही हळू केला होता, १.७९ मेगाहर्ट्झचा १.६६, त्यामुळं सूरच उतरायचा अन् काही अमेरिकन गेम त्यात नीट चालायचे नाहीत. नक्कलवाल्यांचं तसं नाही, त्यांना जपानी-अमेरिकन कॅसेटी जशाच्या तशा खपवायच्या होत्या. मग त्यांनी काय केलं, प्रोसेसर १.७७ वर ठेवला, म्हणजे जवळपास मूळचाच. अमेरिकन टीव्हीला एका चित्रात २६२ रेषा लागतात अन् पन्नासवाल्याला ३१२, तर त्या जास्तीच्या पन्नास रेषांच्या वेळात मशीन नुसतं गप बसून राहतं, अन् मग पुढच्या चित्राचा इशारा देतं. गेमला वाटतं आपण अमेरिकेतच आहोत, फक्त दर चित्रामागं उलसा दम खाल्ला जातोय. सूर तोच राहतो, लय संथ होते. दादाच्या कानानं नेमकं हेच पकडलं होतं, अन् मी त्याला वयाचं ऐकवत होतो.

रशियात अशीच एक नक्कल १९९२ पासून विकायला होती, डेन्डी नावाची, अन् त्या लोकांनी तिचा इतका पाठपुरावा केला की मेसेन नावाच्या एम्युलेटरमधे (म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम, आम्ही त्यावरच खेळत होतो) एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या मशीनच्या, सेटिंगात रीजन म्हणून जी यादी येते तिच्यात अमेरिका, युरोप यांच्या जोडीला डेन्डी असा पर्यायच आहे. परभणी असा पर्याय नाही. पण सकाळी डेन्डी लावून दादाला हाक मारली, नुसतं गाणं वाजवलं, स्क्रीन दाखवलीच नाही. चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिला अन् म्हणला, "हां. हे."

मग कॉन्ट्रातला तीस जीवांचा कोड. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे आता जगाला पाठ आहे, पण दादाला तोंडानं सांग म्हणलं तर सांगता येईना. खाली तीनदा म्हणायला लागला. हातात गेमपॅड दिला तर अंगठ्यानं एका दमात टाकला, दोघांसाठी खेळायचं तर शेवटी सिलेक्ट दाबावं लागतं ते सुद्धा. पुतण्या म्हणला, "पप्पा, हे चीटिंग आहे." दादानं त्याला आयआयटीवाल्या मुलाच्या बापाच्या आवाजात सांगितलं की हे चीटिंग नसतं, ही माहिती असते.

एम्युलेटर म्हणजे काय असं पुतण्यानं विचारलं तेव्हा मी म्हणलं, नाटकातला नट असतो ना, तो शिवाजी महाराज नसतो पण समोरच्या मावळ्यांना तसं वाटावं लागतं. इथं मावळा म्हणजे गेम. गेम म्हणतो अमुक ठिकाणचा आकडा दे, एम्युलेटर देतो, वेळेवर देतो, अन् मूळ मशीन जिथं चुकायचं तिथं चुकीचाच देतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण जुन्या लोकांनी मशीनच्या चुकांवर सुद्धा गेम उभे केलेत, चूक दुरुस्त केली की गेम कोसळतो. पुतण्याला यातलं किती कळलं देव जाणे, तो म्हणला मला खेळू द्या.

दुपारी मुस्तफा. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, पण कागदोपत्री त्याचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा. चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, अन् आख्ख्या हिंदुस्थानानं गेमलाच ते नाव देऊन टाकलं. स्टेशन रोडच्या पार्लरमधे एक रुपयाला खेळायचो, अन् मग पाच-सहा वर्षांनी नेट कॅफेत तो कॉम्प्युटरवर दिसला. आता कळतंय की तेव्हाच आम्ही एम्युलेटरवर खेळत होतो, १९९७ पासूनच्या मेम नावाच्या किंवा तसल्याच कुठल्यातरी, फक्त तो शब्द माहीत नव्हता. कीबोर्डवर ५ दाबलं की कॉइन पडतं. पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा मला अपराधी वाटलं होतं, खोटं नाही सांगत, रुपया न देता रुपयाचा आवाज.

अन् मुस्तफा पळत नव्हता! दादाला मुद्दाम विचारलं, कसा वाटतोय? तो म्हणला बरोबर आहे. बरोबरच असणार, कारण पार्लरच्या डब्यात टीव्ही आपला नसतो, बोर्ड अन् त्याचा मॉनिटर दोन्ही एकमेकांसाठीच असतात, साठच्या जवळपासच चालतात, मग डबा ओसाकात ठेवा नाहीतर परभणीत. घरात आणला की पन्नास, पार्लरमधे साठ. म्हणजे लहानपणी आम्ही रोज दोन वेगवेगळ्या वेगांत जगत होतो. पार्लरमधे पटकन मरायचो ते पैसे खायला मशीन अवघड ठेवतात म्हणून, अशी आमची तक्रार असायची (ती खरीच होती), पण हात घरच्या संथ चालीला सरावलेले होते हेही आता मी त्यात धरतो.

प्रिन्सनं (म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया, कॉम्प्युटरवरचा गेम) मात्र वैताग आणला. तो आम्ही खेळलो ते गल्लीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधे, ९८ च्या उन्हाळ्यात, सर शेवटची पंधरा मिनिटं खेळू द्यायचे. ४८६ मशीन, पुढं टर्बोचं बटन. त्याचं नाव टर्बो पण त्याचा उपयोग खरा मशीन हळू करायला, कारण आधीचे काही गेम प्रोसेसर जेवढा पळेल तेवढे पळायचे, बटन दाबून त्याला लगाम घालावा लागायचा. जुन्या डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्स नावाच्या एम्युलेटरमधे तेच काम कंट्रोल एफ-११ अन् एफ-१२ करतात, हळू अन् जोरात, वरच्या पट्टीवर तीन हजार सायकल्स असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे वाचून ज्यांना वाटतंय की आपण डॉसबॉक्स कधी बघितला नाही, त्यांनी आठवा कॉलेजात विंडोज ७ वर प्रोग्रामिंग शिकायचं ते निळ्या पडद्याचं टर्बो सी कशात उघडायचं ते. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी एम्युलेटर वापरला तो परीक्षेसाठी, गेमसाठी नंतर.

माळ्यावरून फ्लॉपीचा डबा काढला, नऊ फ्लॉप्या. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह दुकानात आहेच, एका सरकारी गिऱ्हाइकासाठी घेतला होता. नवांपैकी दोन वाचल्या. एकात दादाचा बायोडाटा निघाला, छंद : वाचन, क्रिकेट, पोहणे. (पोहता त्याला आजपण येत नाही.) प्रिन्सची फ्लॉपी निम्म्यात गेली, कर्र्र कर्र्र करून गप. पत्र्याखालचा माळा, परभणीचा मे महिना, फ्लॉपीचा तरी काय दोष. जॉर्डन मेक्नर, ज्यानं प्रिन्स बनवला, त्याचं नशीब चांगलं, १९८९ च्या मूळ ॲपल-२ च्या प्रिन्सचा सोर्स कोड हरवलाय असंच तो धरून चालला होता, अन् २०१२ ला त्याच्या वडलांना कपाटात मागं एका खोक्यात त्या फ्लॉप्या सापडल्या, अन् त्या वाचल्यासुद्धा. त्यानं तो कोड सगळ्यांसाठी नेटवर टाकला. त्यांच्याकडं पत्रा नसेल.

शेवटी एका मित्राच्या जुन्या सीडीत प्रिन्स मिळाला. विंडोज ११ वर डबल क्लिक केलं तर हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. ते चालत नाहीच, ६४ बिटच्या विंडोजमधे १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही. डॉसबॉक्समधे उघडला, चालला, आवाज आला, पण प्रिन्स बुटका! पहिलवान झालेला, कमरेत जाड. ज्या माणसाच्या हालचाली मेक्नरनं स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला लावून, व्हिडिओ काढून, एकेक चित्र गिरवून बनवल्या, तो असा दिसावा? कारण असं की डॉसचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, अन् जुना मॉनिटर ते चार बाय तीनच्या काचेवर ताणायचा, म्हणजे एकेक ठिपका उभट दिसायचा. आताच्या पडद्याला ठिपका चौकोनीच. कॉन्फिगच्या फाइलमधे ॲस्पेक्ट म्हणून ओळ आहे, तिथं फॉल्स होतं ते ट्रू केलं, प्रिन्स एकदम सडपातळ.

अन् मग ती तलवार. प्रिन्समधे वार करायचा तो शिफ्टनं. पहिला शिपाई समोर आला, दादानं दणादण शिफ्ट हाणलं, अन् पाचव्या वाराला टूंग करून विंडोजचा डबा वर आला : तुम्हाला स्टिकी कीज चालू करायच्यात का? शिपायानं तेवढ्यात दादाला भोसकलं. कंट्रोल पॅनेलमधे जाऊन ते बंद करेपर्यंत तीनदा भोसकला. पुतण्या इतका हसला की खुर्चीवरून घसरला. त्याला त्या सबंध दिवसात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

डक हंटची बंदूक पण होती आमच्याकडं, ती तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, अन् बंदूक फक्त उजेड बघते. काळा आधी कशाला, तर बल्बकडं रोखून कुणी फसवू नये म्हणून. जुन्या टीव्हीत तो उजेड बरोबर त्या क्षणी येतो, एलईडीत उशिरा अन् वेगळ्याच जातीचा येतो, बंदुकीला ओळखू येत नाही. माउसनं मारता येतं बदक, पण त्यात काय राम नाही, ते म्हणजे फाइल सिलेक्ट केल्यासारखं झालं.

पायरसीवरून वहिनींनी टोकलंच, त्या वकिलांकडं काम करतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, कविता-कादंबरीच्या ओळीत, अन् हक्क लेखकाच्या हयातीत अन् नंतर साठ वर्षं. एम्युलेटर वापरायला कुणाची ना नाही, गेमची नक्कल उतरवणं हा गुन्ह्यातला भाग. माझं म्हणणं असं की जे विकत मिळतं ते विकत घ्यावं, काही जुने गेम डॉसबॉक्स आत घालूनच विकतात, स्वस्त असतात. पण आमच्या त्या ९६ च्या कॅसेटीवर 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम' लिहिलेलं होतं अन् आत पाच होते, तिथूनच पायरसी सुरू झाली म्हणल्यावर वहिनींसमोर मी गप बसलो.

संध्याकाळी शेवटचा एक उद्योग केला. मेसेनमधे रंगाचा सॅच्युरेशन शून्यावर आणला, रीजन डेन्डी, अन् खिडकी छोटी करून चौदा इंचाच्या अंदाजानं ठेवली. दोघं राखाडी. धबधब्याला दादा पुढं गेला, पडदा वर सरकला, कुणीतरी मेलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं अन् दादा म्हणला, "मेला तो मी होतो." मी यावेळी रिमोट खाली ठेवला.

पुतण्यानं बघितलं अन् विचारलं, "काका, मॉनिटर गेला का?" त्याच्यासाठी परत सगळं रंगीत अन् साठवर करून दिलं, त्याला ते हळूवालं बघवेना, म्हणला लॅग मारतंय. पेन ड्राइव्हवर त्याचंच सेटिंग टाकून दिलं अन् ते लोक पुण्याला गेले.

परवा रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन. कुजबुजत बोलत होता, आई झोपली असणार. "काका, ते हळूवालं कसं करायचं? पप्पा विचारायलेत."